ताण दिला, तोडायचा कोणी?

वाचकहो, ज्वारीवरची खोडमाशी आणि डाळिंबावरचा तेल्या यांवर बोलणारा माणूस आज सिनेमावर लिहायला बसला आहे, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण त्याला कारण आहे. गेली तीसेक वर्षे मी कृषी खात्याच्या नोकरीत सोलापूर जिल्ह्यातली गावे फिरतो आहे. माती बघायला जातो, पिकाची कीड बघायला जातो, अनुदानाचे कागद घेऊन जातो. घरात पाऊल टाकले, पाण्याचा तांब्या पुढे आला, की नजर आपोआप भिंतीकडे जाते. कितीतरी घरांत देव्हाऱ्याशेजारी वर्दीतल्या तरुणाचा फोटो असतो. कुठे तो रंगीत असतो, कुठे काळापांढरा, तर कुठे त्याला हार घातलेला असतो.

पहाटे मंगळवेढ्याच्या किंवा सांगोल्याच्या रस्त्याने मोटारसायकलवरून जावे, तर दोन्ही कडांनी पोरे पळताना दिसतात. भरतीची तयारी चाललेली असते. सोळाशे मीटर किती मिनिटांत, छाती किती फुगते, याचाच त्यांना ध्यास. आणि मग एखाद्या बांधावर त्यांतल्याच कुणाचा बाप मला गाठतो आणि विचारतो, "साहेब, पोरगं मिलिटरीत जातो म्हणतंय. पाठवू का?"

मी पोराला विचारतो, "बाबा रे, तिथं काय असतं ते ठाऊक आहे का?" पोरगा छाती काढून म्हणतो, "व्हय की. बघितलंय सगळं."

कुठे बघितले? सिनेमात. आमच्या वेळी यात्रेतल्या तंबूत बघायचे, आता हातातल्या मोबाइलवर बघतात, एवढाच फरक. म्हणजे आपल्या खेड्यांतल्या पोरांना सैन्याची पहिली ओळख सिनेमा करून देतो, आणि त्यांच्या आयांनाही तोच करून देतो. बियाण्याच्या पिशवीवर छापलेला मजकूर आपण नीट वाचून घेतो. मग पोराला ज्या चित्रावर भरवसा ठेवून धाडायचे, ते चित्र काय दाखवते आणि काय झाकते, हेही बघायला नको का?

'बॉर्डर' बघितला नाही असे घर विरळा. जे. पी. दत्ता यांचा हा चित्रपट १९९७ साली आला. राजस्थानच्या वाळवंटात लोंगेवाला नावाची चौकी आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री तिथे पंजाब रेजिमेंटच्या सुमारे सव्वाशे जवानांनी मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हुकुमाखाली शत्रूचे रणगाडे रोखून धरले. सकाळ झाली, आपली विमाने आली, आणि रणगाड्यांचा खुर्दा झाला. ही खरी घडलेली गोष्ट आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच आहे.

आता एक गोष्ट सांगतो. त्या प्रत्यक्ष लढाईत आपले दोन जवान कामी आले. दोन मरणे ही काही थोडी नव्हेत, ती ज्या दोन घरांत गेली त्या घरांना ती जन्मभर पुरून उरली असतील. पण चित्रपट आठवून बघा. आपल्याला आवडू लागलेली किती माणसे त्यात एकामागून एक पडतात! चित्रपटवाल्याने मरणे वाढवली, कारण मरण दाखवता येते. मागे संगीत असते, आईचा चेहरा येतो, डोळ्यांत पाणी येते आणि खेळ संपतो. परंतु त्या रात्रीनंतर जे शंभराहून अधिक जवान जिवंत राहिले, त्यांचे पुढे काय झाले? त्यांना झोप कशी लागली? ती रात्र घरी बायकोला सांगता आली का? याबद्दल चित्रपटात अक्षर नाही.

चित्रपट करणाऱ्याला हे कळत नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. त्याच चित्रपटात एक कोवळा अधिकारी आहे. पकडलेल्या माणसावर गोळी झाडायची वेळ येते तेव्हा त्याचा हात उठत नाही. मथुरादास नावाचा एक जवान आहे, त्याची बायको आजारी आहे आणि त्याला रजा हवी आहे. रजा मिळाल्याचा त्याला आनंद होतो, तर त्या आनंदाचीच त्याला लाज वाटायला लावली जाते. ही दोन्ही दुखणी खरी आहेत. पण पुढच्या तास-दीड तासात हात न उठणारा तो पोरगा सिंह होतो आणि रजेवर निघालेला जवान परत फिरून मरणाला मिठी मारतो. दुखणे दाखवले, पण त्यावरचा उतारा म्हणून हौतात्म्य दिले. जगून वाचणाऱ्याला काय उतारा, ते मात्र सांगितले नाही.

साताऱ्याकडच्या जुन्या गावांतून असे दगड बघायला मिळतात, ज्यांवर पहिल्या महायुद्धात गावातून किती जण गेले आणि किती जण मेले ते कोरलेले आहे. सातारा तालुक्यातले अपशिंगे हे गाव तर 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखले जाते. त्या एका गावाचे ४६ जण त्या युद्धात कामी आले. दगडावर जाणाऱ्यांचा आकडा असतो, न परतलेल्यांचा आकडा असतो. जे परतले ते कसे परतले, याला दगडावर जागा नाही. आपले बहुतेक लढाईचे सिनेमे या दगडांसारखेच आहेत.

माझे थोरले चुलते सैन्यात होते. आम्ही पोरे त्यांना आबा म्हणायचो. १९७१ च्या लढाईत ते पूर्वेच्या आघाडीवर होते आणि पुढे पेन्शन घेऊन गावी आले. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. गावच्या यात्रेत तंबू लागला होता आणि त्यात 'हकीकत' आला होता. चेतन आनंद यांचा हा चित्रपट १९६४ चा, म्हणजे १९६२ च्या चीनच्या युद्धानंतर दोनच वर्षांनी आलेला. लडाखच्या बर्फात तुटपुंज्या सामानानिशी लढलेल्या आणि मागे हटावे लागलेल्या जवानांची ती कथा आहे. आपल्याकडच्या चित्रपटांत पराभवाची कथा सांगायला धाडस लागते, ते त्या माणसाने केले.

तंबूत मधोमध कापडी पडदा, एका अंगाला गडीमाणसे, दुसऱ्या अंगाला बायका. मिलिटरीतला माणूस म्हणून आबांना पुढे बसवलेले. गावाला वाटले, गोळीबार सुरू झाला की आबा उठून टाळ्या वाजवतील. झाले उलटेच. बर्फातल्या जागेत जवान गुडघे जवळ घेऊन बसलेले असतात आणि घरच्या माणसांची आठवण काढतात, असे एक गाणे त्यात आहे. त्या गाण्यातच आबा उठले आणि तंबूबाहेर गेले. थोरल्या आईने, म्हणजे माझ्या चुलतीने, पलीकडून मला खूण केली. मी मागोमाग गेलो. आबा आमच्या गाडीपाशी उभे राहून बैलाची मान चोळत होते. म्हणाले, "जा तू, बघ सिनेमा. मला ते बसलेलं बघवंना."

त्या वयात मला काही उमगले नाही. पुढे मी शेतकी कॉलेजात असताना एकदा रात्री पाणी धरताना आबा आपणहून बोलले. तेवढेच एकदा. म्हणाले, "सिनेमात सगळं बिगीबिगी हुतंय रं. आमी वाट बघत बसायचो. रातभर. आता काय हुईल, मग काय हुईल. त्या बसण्यानं माणूस आतनं झिजतो. ते दाखवायला सिनेमात येळ कुठला?"

मला आजवर युद्धाच्या चित्रपटावर याहून नेमके बोललेले कुणाकडून ऐकायला मिळालेले नाही. तीन तासांत लढाई बसवायची म्हटले की वाट बघणे काढून टाकावे लागते, आणि तेच तर सर्वांत जड असते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आबा घरी नसत. संध्याकाळी दिवे लागले की रानात निघून जात. गावात बाँब वाजायचे, सुतळीचे, डब्यातले. लोक म्हणायचे, मिलिटरीवाल्याचा तोरा आहे. पुढे पुढे म्हणू लागले, टकुऱ्यात फरक आहे. थोरल्या आईने कधी कुणाशी वाद घातला नाही. पूजा झाली की ती कंदील आणि भाकरीचे फडके घेऊन रानात जायची आणि त्यांच्याजवळ बसायची. एकदा मी विचारले, तुम्ही त्यांना काही विचारता का? ती म्हणाली, "इचारायचं काय त्यात? दोघं बसलं की रात सरती."

आता शिक्षणाकडे, म्हणजे ज्याला पोरे 'ट्रेनिंग' म्हणतात त्याकडे येतो. या बाबतीत आपल्या माणसाने केलेला एक चित्रपट आहे, 'प्रहार'. नाना पाटेकरांनी तो १९९१ साली दिग्दर्शित केला आणि त्यात मेजर चव्हाणांचे काम केले. त्यासाठी त्यांनी मराठा लाइट इन्फन्ट्रीबरोबर राहून स्वतः लष्करी शिक्षण घेतले. या रेजिमेंटचे केंद्र बेळगावला आहे आणि आपल्या भागातली असंख्य पोरे तिथूनच घडून गेली आहेत. त्या चित्रपटाचा पहिला भाग म्हणजे शिक्षणच आहे. पळणे, चढणे, चिखल, अपमान, पुन्हा पळणे. माणसाची झोप, भूक, भीती, लाज, सगळे मोडून त्याला नव्याने जोडायचे. हा भाग बघून पोरांच्या अंगावर काटा येतो आणि तीच पोरे दुसऱ्या दिवशी आणखी दोन फेऱ्या जास्त मारतात.

परंतु 'प्रहार' तिथे थांबत नाही, म्हणून तो मला मोठा वाटतो. त्यातला पीटर हा बेकरीवाल्याचा मुलगा. बापाची मर्जी नसताना सैन्यात जातो, एका मोहिमेत पाय गमावतो आणि घरी मुंबईला परततो. तिथे हप्ता मागणाऱ्या गुंडांपुढे तो वाकत नाही आणि त्यांच्या हातून मारला जातो. शेजारीपाजारी दारे लावून बसतात. त्याचे मेजर चव्हाण गावात येतात, हे बघतात, आणि जे शिकले तेच करतात. शेवटी न्यायालय त्यांना वेड्यांच्या इस्पितळात धाडते. सिनेमागृहात शिट्ट्या पडतात त्या गुंडांना मारताना. पण त्या चित्रपटाने विचारलेला प्रश्न शिट्टी मारण्याचा नाही. माणसाला एका कामासाठी इतका धारदार केल्यावर त्याने गावात, बाजारात, घरात कसे राहायचे, हा तो प्रश्न आहे.

परदेशातही हा प्रश्न चित्रपटांनी विचारला आहे. स्टॅन्ली कुब्रिक यांचा 'फुल मेटल जॅकेट' हा १९८७ चा चित्रपट व्हिएतनामच्या युद्धावर आहे, पण त्याचा जवळजवळ अर्धा भाग अमेरिकेतल्या शिक्षण छावणीतच घडतो. त्यात एका स्थूल, मंद पोराला शिक्षक इतका छळतात आणि सोबतीही इतके मारतात, की तो शेवटी शिक्षकाला आणि स्वतःला गोळी घालतो. युद्धावर जाण्याआधीच एक माणूस युद्धात मेला, असे तो चित्रपट सांगतो.

हे सगळे मी एकदा सांगोल्याकडच्या एका माजी हवालदाराशी बोललो. मराठा पलटणीतले, बेळगावला शिकलेले, १९९९ च्या कारगिलच्या वेळी वर असलेले. आता डाळिंब करतात. त्यांच्या बागेतल्या ओळी दोरी लावून मारल्यासारख्या सरळ. बसताना ते दाराकडे पाठ करून बसत नाहीत. 'प्रहार'चे नाव काढताच हसले आणि म्हणाले, "ट्रेनिंगचं दाखवलंय ते खरं हाय, साहेब. पण आमचे उस्ताद दिवसभर शिव्या घालून रात्री आमच्या पायाचे फोड बघायला यायचे. ते सिनेमात दिसत न्हाई."

हे ऐकून मला फार बरे वाटले. कारण नुसत्या कठोरपणाने सैनिक घडत नाही, हे त्यात आले. चांगला उस्ताद पोराला मोडत असतो तेव्हा त्याच्यावर नजरही ठेवून असतो. आणि हे मोडणे-जोडणे उगीच नसते. गोळ्या सुटल्यावर विचार करत बसायला वेळ नसतो. हुकूम ऐकताच हातपाय हलले पाहिजेत. आवाज होताच अंग जमिनीवर पडले पाहिजे. झोप सावध हवी. समोरच्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या हातांकडे लक्ष हवे. सोबती पडला तर रडणे मागे ठेवून पुढे सरकले पाहिजे. या सवयी तिथे जीव वाचवतात. पण याच सवयी घेऊन माणूस घरी येतो. दार आपटले की तो दचकतो. रात्री कुत्रे भुंकले की उठून बसतो. पोराने उलट उत्तर दिले की आवाज चढतो. मयताला गेला तर त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही आणि भावकी म्हणते, काळीज दगडाचे झाले.

आम्ही बोलत होतो तेव्हा त्यांच्या बागेला ताण दिलेला होता. डाळिंबवाल्यांना सांगायला नकोच, पण इतरांसाठी सांगतो. बहार धरायचा तर बागेचे पाणी तोडतात. हलक्या रानात थोडे दिवस, भारी रानात जास्त दिवस. झाड पाने गाळते, सुकल्यासारखे दिसते. मग ताण तोडतात. पहिले पाणी हलके द्यायचे, पुढे बेताबेताने वाढवायचे. ताण दिलाच नाही तर बहार नीट येत नाही. फार दिवस ठेवला तर झाड खचते. आणि एकदम रपाटून पाणी सोडले तरी फुले गळतात.

ते हवालदार झाडाकडे बघत म्हणाले, "साहेब, बागेचा ताण कसा तोडायचा त्याचा कागद तुम्ही दिलाय. आमचा ताण कसा तोडायचा त्याचा कागद आमच्या घरच्यांना कुणी दिला न्हाई."

वाचकहो, या लेखाचे निमित्त ते वाक्य आहे.

पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांची बोलती बंद व्हायची, हातपाय कापायचे, अंगावर जखम नसताना माणूस निकामी व्हायचा. १९१५ साली चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टरांनी त्यावर लिहिताना 'शेल शॉक' हा शब्द छापून आणला. त्यापुढे कितीतरी वर्षे या दुखण्याला भित्रेपणा म्हणून हिणवले गेले. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातानंतरच्या या ताणाला रोग म्हणून आपल्या यादीत जागा दिली ती १९८० साली. म्हणजे आबांसारखी माणसे रानात रात्र काढत होती तेव्हा त्यांच्या दुखण्याला धड नावही नव्हते.

घरी येण्याचे दुखणे दाखवणारा जुना चित्रपट म्हणजे १९३० सालचा 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'. रेमार्क या जर्मन लेखकाच्या कादंबरीवरचा तो अमेरिकन चित्रपट. त्यात पॉल नावाचा कोवळा जर्मन सैनिक रजेवर घरी येतो. बापाचे मित्र टेबलावर नकाशा मांडून त्याला लढाई कशी जिंकायची ते शिकवतात. शाळेत जातो तर जुने मास्तर त्याला म्हणतात, या पोरांना शौर्याचे चार शब्द सांग. त्याला जे ठाऊक आहे ते त्या पोरांना ऐकायचे नसते, आणि पोरांना जे ऐकायचे असते ते त्याला बोलवत नाही. रजा संपायच्या आधीच तो परत निघतो. आपल्या गावात रजेवर आलेला जवान पारावर बसतो आणि चार जण त्याला विचारतात, "किती उडवले रे?" तेव्हा मला तो पॉल आठवतो.

आपल्या मातीतले उदाहरण मुरलीकांत पेटकरांचे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे. लहान वयात सैन्यात गेले, मुष्टियोद्धा म्हणून नाव केले. १९६५ च्या युद्धात त्यांना नऊ गोळ्या लागल्या, एक कण्याशी रुतून राहिली आणि कमरेखालचे अंग गेले. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचारासाठी ठेवले असता, व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले. तिथून पोहणे सुरू झाले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. भारताचे अशा स्पर्धेतले ते पहिले सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. २०२४ साली त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट निघाला. कबीर खान यांचा. त्याचे मला विशेष वाटले ते असे, की त्यात लढाई थोडी आहे आणि खाट पुष्कळ आहे. जिंकलेल्या पदकाहून, रुग्णालयातल्या खाटेवर पडून छताकडे बघणारा माणूस अधिक लक्षात राहतो. गोळी एका दिवसात लागते, उठून बसायला वर्षे लागतात, हे त्यात दिसते. पुण्याजवळ खडकीला अशा कण्याच्या जखमा झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. पोरांना सिंहगड दाखवायला नेता, तसे त्या केंद्राचे नावही एकदा त्यांना सांगून ठेवा.

आणि सोलापूरकरांना आपले डॉक्टर कोटणीस विसरून कसे चालेल? द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानशी चाललेल्या युद्धात जखमी सैनिकांवर अहोरात्र शस्त्रक्रिया करत राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी अपस्माराने तिकडेच वारले. त्यांचा मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. त्यात मरणाच्या दारातले कोटणीस आपल्या चिनी पत्नीला सोलापूरच्या घराची वाट सांगतात, तिथे कोण कसे भेटेल ते सांगतात, आणि पडद्यावर ती घरी पोचलेली दिसते. शस्त्र न धरलेल्या माणसालाही युद्ध झिजवते, आणि त्याच्या मनात शेवटी घराचा उंबरा असतो, हे शांतारामबापूंनी तेव्हाच ओळखले होते. खुद्द कोटणीसांच्या नशिबी तो उंबरा पुन्हा आला नाही. भैय्या चौकातले त्यांचे घर आज स्मारक आहे.

मग ज्यांच्या नशिबी उंबरा असतो, त्यांच्यासाठी आपण काय करायचे? मी डॉक्टर नव्हे. पण इतक्या घरांत बसून जे पाहिले, त्यावरून चार गोष्टी सांगतो.

जवान रजेवर आला की पहिले काही दिवस त्याच्या मागे लग्ने, वाटण्या, बांधाचे तंटे, कर्जाचे हप्ते लावू नका. आपल्याकडे रीतच अशी, की वर्षभराची सगळी कामे त्याच्या रजेसाठी राखून ठेवायची. पहिले पाणी हलके द्यावे. त्याला जेवू द्या, झोपू द्या, रानात फिरू द्या. लढाईचे विचारू नका, पण तो आपणहून बोलू लागला तर हातातले काम बाजूला ठेवून ऐका. मध्येच "जाऊ दे, विसर आता" म्हणू नका. हाताला मातीचे काम द्या. पण एकट्याला रानात सोडून देऊ नका, कुणीतरी सोबत असावे.

बायकोने काय सोसले तेही विचारा. माणूस सीमेवर असतो तेव्हा शेत, सासू-सासरे, पोरांच्या शाळा, सोसायटीची नोटीस हे सगळे तिने एकटीने पेललेले असते. तो आला की सारा कारभार एका दिवसात त्याच्या हाती जातो आणि तिच्या कष्टांचे कुणी नाव काढत नाही. सिनेमात ती दारात उभी राहून निरोप देते, नाहीतर तार वाचून कोसळते. या दोहोंच्या मधले तिचे आयुष्य दाखवायला अजून कुणाला सुचलेले नाही.

झोप महिनोन् महिने लागत नसेल, दारू वाढत असेल, माणूस बोलेनासा झाला असेल, किंवा जगण्यात राम नाही असे बोलू लागला असेल, तर देवऋषी करत बसू नका. हा ताप-खोकल्यासारखाच आजार आहे आणि त्याला उपचार आहे. १४४१६ हा सरकारचा 'टेलिमानस' दूरध्वनी आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. सैन्यातल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा वेगळा कक्ष २०२३ च्या डिसेंबरात सुरू झाला. माजी सैनिकाच्या घरच्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी नुसती पेन्शनच्या कागदासाठी चढू नये, याही गोष्टीसाठी चढावी.

हे आज निकडीने सांगावेसे वाटते, कारण २०२२ पासून अग्निपथ योजनेत पोरे चार वर्षांसाठी घेतली जातात आणि योजनेच्या मूळ नियमाप्रमाणे त्यांतली फार तर पाव हिस्सा कायम होतात. म्हणजे बावीस-चोवीस वर्षांची पोरे शिकून, ताण सोसून गावात परत येणार. एरवी सैनिक पंधरा-वीस वर्षांनी पोक्त होऊन परतायचा. हे तरुण परततील तेव्हा गावात त्यांचे सोबती नुकते कुठे धंद्याला लागलेले असतील. त्यांना चार वर्षांचे कौतुक नको असेल, बसायला जागा आणि करायला काम हवे असेल.

राहता राहिला बांधावरच्या बापाचा प्रश्न, पोराला पाठवू का? मी नको म्हणत नाही. देशाला राखण लागते आणि ती आपल्यातल्याच कुणीतरी करायची असते. मी इतकेच सांगतो, की पाठवण्याआधी एकदा घरातल्या सगळ्यांनी मिळून एखादा चांगला लढाईचा सिनेमा बघा. आया-बहिणींनाही बसवा. संपल्यावर लगेच उठू नका. पोराला विचारा, यात जो वाचला, तो घरी गेल्यावर पहिले आठ दिवस काय करत असेल? तो उत्तर देईल तेव्हा पोरगा किती तयार आहे ते तुम्हांला कळेल. आणि घर किती तयार आहे, ते तुमचे तुम्हांला कळेल.